हात दिसले पाहिजेत

फोन लावला तो निव्वळ खोडी काढायला. एसटी स्टँडसमोर, रस्त्याच्या अलीकडे स्कूटर लावून हर्षद कागदातले गरम वडे खात उभा होता, आणि पलीकडे रिक्षांच्या रांगेपाशी त्याला स्वरूप दिसला. शेजारी त्याची बायको राजश्री, तिच्या दोन्ही हातांत पिशव्या. स्वरूप दिसला म्हणजे आधी हसूच आलं. गेले कित्येक महिने हा प्राणी रत्नागिरी सोडून पूर्णगडला आपल्या गावी जाऊन बसला होता, फोन केला तर 'कामात आहे' म्हणायचा, आणि आज शहरात येऊनसुद्धा कळवत नाही म्हणजे काय! हर्षदनं तेलकट बोटानं फोन लावला आणि पलीकडे बघत राहिला. आता दचकेल, खिसे चाचपेल, मग आपण इथून ओरडायचं, मेल्या, लपतोस कुठे? स्वरूपच्या शर्टाच्या खिशात उजेड पडलेला एवढ्या लांबूनही कळला. स्वरूपनं मान खाली घालून खिशाकडे पाहिलं. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, ते वर आले नाहीत. राजश्रीनं पिशव्या खाली ठेवल्या, नवऱ्याच्या खिशातून फोन काढला, त्यावरचं नाव वाचलं आणि लहान मुलाला चित्र दाखवावं तसा फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. स्वरूपनं मान हलवली. नको. तिनं फोन परत खिशात सरकवला आणि रुमालानं त्याची हनुवटी पुसली. हर्षदच्या कानात रिंग वाजतच होती. मग ते दोघं रिक्षात बसले; म्हणजे ती बसली, आणि त्याला आत ओढून घेतल्यावर त्याचा बाहेर राहिलेला हात तिनं मनगटाला धरून उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. रिक्षा गेली. कागदातले वडे गार झाले तरी हर्षद तिथेच उभा होता.

त्याचं दुकान रामआळीत. वडिलांनी चालू केलेलं चष्म्याचं दुकान, आता तो चालवतो. त्या दुपारी पावस गावाहून आलेल्या एका आजींचे डोळे तपासताना तो भिंगं बदलत विचारत होता, "आजी, हे बरं की हे? आता? की हे?" आणि तोंडानं हे चालू असताना आत दुसरंच चालू होतं. फोन घेतला नाही, ही एक गोष्ट. हात वर आले नाहीत, ही दुसरी. टोचली ती आधी पहिलीच. माणसाची जात अशीच असते. नाव वाचून मान हलवली, म्हणजे राग आहे. असणारच. पंधरा दिवसांमागे आपण त्याचा विक्रम बाद केला, सगळ्यांदेखत केला. इथवर विचार आला आणि पहिल्या गोष्टीच्या आड उभी असलेली दुसरी गोष्ट एकदम पुढे आली. हातातलं भिंग निसटून ट्रेमध्ये पडलं. "काय झाला?" आजींनी विचारलं. "काही नाही, निसटलं," तो म्हणाला. बाद करताना आपण नुसता नियम लिहिला नव्हता, वर विनोद केला होता. 'काय मास्तर, हात गावी विसरलात की काय?' आणि खाली पंचवीस-तीस जणांनी हसणारे चेहरे टाकले होते. आजींना काय दिसतंय आणि काय दिसत नाही, ते त्याला दोनदा पहिल्यापासून विचारावं लागलं.

आता हा विक्रम कसला आणि बाद करणारा हा कोण टिकोजीराव, ते सांगायला हवं. ज्यानं ती वेबसाइट पाहिलेली नाही त्याला हा सगळा पोरखेळ वाटेल, आणि तो आहेच. साइटचं नाव 'फुंकर'. नव्वद सालानंतर घरोघरी आलेले ते टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम, त्यांच्या त्या पिवळ्याधमक कॅसेटी, खेळ अडला की कॅसेट बाहेर काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि परत खोचायची, हे ज्यांनी केलंय त्यांच्यासाठीची साइट. स्वरूपचे वडील जहाजावर खलाशी होते. त्यांनी पोरासाठी सिंगापुराहून असला एक गेम आणला, पण स्वरूप शाळेसाठी रत्नागिरीत मामाकडे राहायचा आणि मामाकडे टीव्हीच नव्हता. टीव्ही होता हर्षदकडे. म्हणजे यंत्र एकाचं, पडदा दुसऱ्याचा. भांडण झालं की दोघांचीही सुट्टी वाया. त्यामुळे त्यांची भांडणं संध्याकाळच्या दिवेलागणीपलीकडे कधी टिकली नाहीत. पुढे हर्षद दुकानात बसला, स्वरूपनं माळनाक्याला टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, दोघांची लग्नं झाली, आणि ज्या वयात माणसं जमिनीचे तुकडे घेतात त्या वयात ह्या दोघांनी साइट काढली. हर्षद लिहायचा. कुठला खेळ कुणी कुणाच्या घरी खेळला, कुठल्या कॅसेटीत कुठली चोरवाट होती, असलं काहीबाही. स्वरूप दुरुस्ती करायचा. नाशिक, सोलापूर, कुठून कुठून लोक मेलेली यंत्रं पार्सलनं पाठवायचे आणि हा सोल्डरिंगची तापलेली सळई घेऊन त्यांत जीव घालायचा, मोठाल्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतसुद्धा. तिसरा गुरुप्रसाद, शाळेतलाच, मुंबईत नोकरीला. साइटचं तांत्रिक तो बघायचा आणि तेवढ्यावर साहेबासारखा बोलायचा.

साइटवर विक्रमांचा तक्ता होता. कुठल्या खेळात कुणाचे गुण सगळ्यांत जास्त. बाहेरच्या जगात त्याला काडीची किंमत नाही, पण तक्त्यात नाव लागावं म्हणून लोक काय काय करायचे! एकदा कुणीतरी संगणकावर तोच खेळ हळू चालवून, विमानं गोगलगाईच्या चालीनं येतील असा करून, मोठे गुण मिळवले आणि व्हिडिओ पाठवला. ती लबाडी स्वरूपनंच पकडली, आणि नियम त्यानंच केला: खेळ खऱ्या यंत्रावर, खऱ्या टीव्हीवर, आणि व्हिडिओत पडद्याबरोबर खेळणाऱ्याचे हात दिसले पाहिजेत. "पडदा खोटं बोलेल रे," तो म्हणाला होता, "हात नाही बोलत." हे म्हणताना त्याच्या बोटांत सळई होती आणि तिच्या टोकावर कथिलाचा थेंब, आणि तो थेंब तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर त्यानं असा ठेवला की हर्षदला आपल्याच दोस्ताचा अभिमान वाटला. ते आठवलं आणि हर्षदनं दुकानातल्या आरशाकडे पाठ केली.

मग पंधरा दिवसांमागे स्वरूपचाच व्हिडिओ आला. विमानांच्या खेळाचा, एवढे मोठे गुण की आजवर कुणाचे नाहीत. नुसता पडदा, हात नाहीत. हर्षदला आनंद झाला तो क्षणभरच, मग कानाला काहीतरी खटकलं. खेळाच्या सुरुवातीची धून जडावली होती, गाणाऱ्याला झोप आल्यासारखी. त्यानं स्वतःच्या यंत्रावरची धून शेजारी लावून बघितली; स्वरूपची हळू होती, म्हणजे खेळच हळू चालवलेला. चोरी पकडली की माणसाला जे गुदगुल्यासारखं होतं ते त्याला झालं, खोटं कशाला सांगा. दोस्ताची चोरी पकडली तर जास्तच होतं. महिनोन् महिने आपल्याला टाळणारा, फोनवर दोन वाक्यांत उरकणारा हा माणूस आता आपल्याच नियमाला टांग मारून आपल्याला फसवतोय. थांब, तुला दाखवतो. आणि त्यानं विक्रम बाद करून ती हातांची ओळ लिहिली. स्वरूपचं उत्तर तासाभरात आलं: 'बरोबर हाय. नियम म्हणजे नियम.' एवढंच. हर्षदनं ते वाचून बायकोला सांगितलं होतं, "बघ, गप्प बसला की नाही!"

आता एकेक गोष्ट परत येऊ लागली, आणि येताना दुसऱ्याच कपड्यांत येऊ लागली. मागल्या गणपतीत स्वरूपच्या हातून चहाचा पेला पडला होता आणि आपण म्हणालो होतो, आता दिवसासुद्धा घ्यायला लागलास? त्यानं दुरुस्त केलेल्या एका यंत्राची तक्रार आली होती, कथिल ओघळून सगळा बट्ट्याबोळ, आणि आपण त्याला खडसावलं होतं, मन लावून काम कर म्हणून. दुकान बंद केलं तेव्हा तो म्हणाला, "टीव्हीला आता कोण इचारतो? गावी जातो, बाबांच्या कलमांकडे बघतो." आणि आपण विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. उलट रुसून बसलो. जाताना त्यानं निरोपाचा हात पुढे केला नव्हता. कोण करतो दोस्तांत? आपल्यालाही ते आठवलं नसतं, आज आठवलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारा माणूस आपण, 'हे बरं की हे' विचारणारा, आणि आपल्याला काय दिसलं? दुकानाच्या काचेवर माणसं येत-जात होती, पलीकडच्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेल्यावर टिचक्या मारून बघत होतं. हर्षदनं स्वतःची बोटं मिटून उघडून बघितली. चालत होती. त्याची त्याला लाज वाटली.

राजश्रीला फोन करायला चार दिवस गेले. हे चार दिवस त्यानं काय केलं ते विचारू नका. जे करायला छाती लागते ते पुढे ढकलण्यात माणूस फार उद्योगी असतो. शेवटी तिनं फोन उचलला आणि आवाज बारीक करून, बहुधा मागीलदारी जाऊन, सांगितलं. नसांचा आजार. कोल्हापूरला झालं, मुंबईला झालं, तिकडच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. ह्यावर औषध नाही. "तुमाला सांगू नको म्हणाले, भावोजी. दुसऱ्या कोणाला सांगितला तरी चालंल, पण तुमाला तर अजिबात नको, म्हणाले. म्हणून मी गप्प ऱ्हायले." ती रडली नाही. रडून झालं असावं. "मला? मलाच का नको?" हर्षदनं विचारलं. "आता ता मला काय म्हायत," ती म्हणाली, "तुमचा दोस्तांचा." फोन ठेवल्यावर हे 'तुमाला तर अजिबात नको' त्याच्या डोक्यात घोंघावत राहिलं. एवढा मी त्याच्या मनातून उतरलो? हात कुठे विसरलास, असं विचारणाऱ्याला कुणी कशाला सांगेल? आणि मग त्यानं ते केलं, जे त्याला त्या वेळी अगदी सरळ, माणुसकीचं वाटलं. तक्त्यात स्वरूपचा विक्रम परत लावला, सगळ्यांत वर, आणि स्वतःची विनोदाची ओळ पुसून टाकली.

अर्ध्या दिवसात गुरुप्रसादचा फोन. "काय रे, स्वरूपचं परत लावलंस ते? लोक विचारतायत. हात दिसले का?" हर्षद म्हणाला, "असू दे रे." "असू दे म्हणजे? दोस्ताला एक नियम आणि बाकीच्यांना एक? मग तक्ता ठेवायचाच कशाला, हळदीकुंकू करू या." हर्षदनं 'गिऱ्हाईक आलंय' म्हणून फोन ठेवला. जे स्वरूपनं सांगितलं नाही ते आपण कसं सांगायचं? आणि संध्याकाळी स्वरूपचा निरोप आला, लिहिलेला नाही, बोललेला. मागे बांगड्यांचा आवाज. फोन कुणी धरला होता ते कळत होतं. स्वरूपचा आवाज जाड झाला होता, जिभेवर ओलं फडकं ठेवल्यासारखा. "माझा नाव परत कशाला लावलंस? हात दिसले काय तुला? काढ ता. आजच्या आज काढ." हर्षदनं तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला, आणि मग नाव काढलं. एकाच महिन्यात आपल्या दोस्ताचं नाव त्यानं आपल्या हातानं दोनदा पुसलं. ह्याच्याइतकं वाईट त्याला त्याचे वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान काय करायचं असतं ते भटजी सांगत होते.

रविवारी तो पूर्णगडला निघाला. स्कूटरच्या मागच्या सीटवर माळ्यावरून काढलेला चौदा इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही, गोधडीत गुंडाळलेला, आणि पिशवीत इतकी वर्षं त्याच्याकडेच राहिलेलं ते सिंगापूरचं यंत्र. भाट्ये पुलावर वारा लागला तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. त्यानं मनाशी सगळं जुळवलं होतं. माफी मागायची नाही, आजाराचं विचारायचं नाही, नुसतं टीव्ही लावायचा आणि म्हणायचं, चल, एक डाव. पहिल्यासारखं. दोन्ही बाजूंना कातळ वाळून पांढरा पडला होता, कलमांना कुठे कुठे मोहोर धरला होता. खरं तर त्याला स्वरूपसाठी जायचं होतं की स्वतःसाठी, हे त्याला पावसपर्यंत नीट सांगता आलं असतं. पावसच्या पुढे ते त्याला स्वतःलाच सांगता येईना. त्याला एवढंच हवं होतं की स्वरूपनं एकदा त्याला 'मेल्या' म्हणावं.

खाडीच्या अंगाला घर, चिऱ्याचं, पुढे पडवी. स्वरूप पडवीत खुर्चीत बसला होता आणि राजश्री त्याला चमच्यानं पेज भरवत होती. हर्षदला बघून त्याचा चेहरा हलला, पण रागानं नव्हे. राग असता तर हर्षदला तो ओळखीचा वाटला असता. एखाद्याच्या घरात शेवटचा कंदील विझावा तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर झालं आणि लगेच मिटलं. "आलास," तो म्हणाला. "कोणी सांगितलान?" राजश्रीनं मान खाली घातली. "मी स्टँडवर बघितलं तुला," हर्षद म्हणाला. "अस्सा," स्वरूप म्हणाला. "वैनी, चहा टाका," हर्षद मोठ्यानं म्हणाला, नको तेवढ्या मोठ्यानं, आणि टीव्ही आत न्यायला वळला. आत तारा जोडताना हर्षद बडबडत होता, ह्या पिना गंजल्यात, तो पोर्ट सैल आहे, तुझ्यासारखं कोण करणार आता. मग आपण काय बोललो ते कळलं, आणि तो पिना पुसत बसला. राजश्री चहा घेऊन आली आणि यंत्राकडे बघून म्हणाली, "ह्याच्यावर नाय, लॅपटॉपवर हळू करून खेळलेले ते. त्या विमानांवर तर महिने गेले, भावोजी. डाव्या हाताचा आंगठा तेवढा चालायचा ह्यांचा, त्यान दिशा द्यायची. गोळी मी मारायची. ते 'हाण' म्हणायचे, मी दाबायची. मला त्यातला काय कळत नाय, नुसता 'हाण' म्हटला की दाबायचा. सुरुवातीला मी उशिराच दाबायची, मग किती बोलायचे मला!" ती हसली. "हात दाखवले असते तर माझा दिसला असता. बांगड्यांसकट."

हर्षदनं चहाचा कप खाली ठेवला. व्हिडिओत हात का नव्हते ते त्याला कळलं होतं असं तो इतके दिवस समजत होता, आणि कळलं आत्ता. त्या जडावलेल्या धुनीत, जी त्यानं दोनदा-तीनदा ऐकून पकडली होती, एक बाई एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसली होती.

स्वरूपला खुर्चीसकट आत आणलं. "कुठला लावलास?" त्यानं विचारलं. "रणगाड्यांचा," हर्षद म्हणाला. हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ. खाली मधोमध आपला किल्ला, विटांनी बंदिस्त. वरून शत्रूचे रणगाडे उतरतात. दोघांनी आपापले रणगाडे फिरवून ते मारायचे आणि किल्ला राखायचा. मारून झाले की पडद्यावर हिशेब येतो, कुणी किती मारले, दोघांचे वेगवेगळे. लहानपणी दोघांचा जीव त्या हिशेबात असायचा. किल्ला दोघांचा, पण हर्षद स्वरूपच्या बाजूचेही रणगाडे पळत जाऊन मारून यायचा, म्हणजे हिशेबात आपले जास्त. स्वरूपनं त्यासाठी त्याला एकदा चावलंही होतं. दंडावर तो वण अजून आहे, लसीच्या वणाशेजारी. राजश्रीनं नवऱ्याचा डावा अंगठा दिशेच्या बटणावर ठेवून दिला, स्वतः शेजारी पाटावर बसली आणि गोळीच्या बटणावर बोट ठेवलं. "हळू होत नाय हा ह्याच्यात," स्वरूप म्हणाला, "ह्याच्यात खरा यील सगळा." "येऊ दे की," हर्षद म्हणाला.

खरं आलं. पहिले दोन रणगाडे किल्ल्यापर्यंत पोचले तेव्हा स्वरूपचा रणगाडा भिंतीला नाक लावून नुसता घरघरत होता. अंगठा सरकत होता, पण सरकला हे कळून रणगाडा वळेपर्यंत शत्रू निघून जायचा. "हाण!" आणि राजश्री हाणायची, भिंतीवर. हर्षदनं दोन्ही रणगाडे मारले आणि त्याला पुढचं सगळं दिसलं: मारून झाल्यावर पडदा काळा होईल, हिशेब येईल, एका बाजूला सगळे आणि दुसऱ्या बाजूला भोपळा, ह्या बाईसमोर, ह्या घरात. मग त्यानं एक युक्ती केली. स्वतःचा रणगाडा आडवा घालून त्यानं शत्रूची वाट अडवली, त्याला वळवत, गोळी न मारता, विटांच्या गल्लीतून स्वरूपच्या तोंडासमोर आणून उभा केला आणि आपण बाजूला झाला. "हाण," स्वरूप म्हणाला. राजश्रीनं बटण दाबलं. स्फोट. "लागला!" ती ओरडली. मग दुसरा तसाच आणला. मग तिसरा. हे अवघड काम होतं आणि ते इतकं बेमालूम जमत होतं की हर्षदला आत कुठेतरी लहान मुलासारखा आनंद व्हायला लागला. अख्ख्या आयुष्यात तो एवढा चांगला खेळला नव्हता. बाहेर खाडीवरून होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. राजश्री प्रत्येक स्फोटाला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. स्वरूपचा 'हाण' मात्र बारीक बारीक होत गेला, आणि शेवटच्या दोन रणगाड्यांना तो नुसते ओठ हलवत होता.

पडदा काळा झाला. हिशेब आला. स्वरूपचे जास्त, हर्षदचे कमी, कितीतरी कमी. "आपले जास्त ना? जिंकलो ना आपण?" राजश्रीनं विचारलं, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की हर्षदला वाटलं, झालं, हे एवढं तरी आपल्याला जमलं. "व्हय," स्वरूप तिला म्हणाला. "जिंकलो." मग तो हर्षदकडे वळला. मान वळवायलाही त्याला वेळ लागत होता.

"लहानपणी एकदा तरी मला जास्त मारू दिलेलंस?" त्यानं विचारलं.

हर्षदचा हात दंडावरच्या त्या वणाकडे गेला.

"तुला का सांगितला नाय, म्हायत हाय? डॉक्टरकडनं आल्यापासना सगळे माझ्याशी गोड बोलतात. मामा गोड बोलतो, शेजारी गोड बोलतात, ज्याच्याशी कोर्टात भांडण हाय तो चुलतासुद्धा शहाळी घेऊन येतो. मी मेल्यासारखा. एकटा तू राह्यलेलास, ज्याला म्हायत नव्हता. तू मला बाद केलंस, हात गावी विसरलास म्हणालास, आणि मी इतका हसलो, ही घाबरली, इचार तिला. तो एक दिवस मी चांगला होतो, हर्षद. तेवढ्यासाठी फोन नाय घेतला स्टँडवर. तुझा आवाज असाच ऱ्हावा म्हणून."

"स्वरूप, अरे, मी..." हर्षद म्हणाला, आणि त्याला स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं, त्याचा आवाज मऊ होता. चुलत्यासारखा, मामासारखा मऊ. त्याला तो कडक करायचा होता, एक शिवी हासडायची होती, जीभ टाळूला लावून त्यानं ती आणलीसुद्धा, पण बाहेर आली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. "मेल्या," तो म्हणाला, आणि स्वरूपनं डोळे मिटून घेतले.

"भावोजी, म्होरल्या रविवारी पण या हां," राजश्री म्हणाली, "बघा ना ह्यांना किती बरा वाटला." पडद्यावर पुढचा डाव आपोआप सुरू झाला होता. वरून रणगाडे उतरत होते. हर्षदचे हात त्याच्या मांडीवर तसेच पडले होते, स्वरूपचा अंगठा बटणावर ठेवला होता तिथेच होता, आणि राजश्री बोट तयार ठेवून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, तो केव्हा 'हाण' म्हणतो म्हणून.